वहिनीचा उडायचा कोट

आमची वहिनी कशालाही घाबरत नाही, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आले. गिऱ्हाईक अंगावर आलं तर ही त्याच्या वरताण आवाज चढवते. एकदा दुकानात साप निघाला, तेव्हा दादा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, कापायच्या टेबलावर चढून पाय पोटाशी घेऊन बसला होता आणि हिने शटरच्या काठीने सापाला बाहेरची वाट दाखवली. अशी ही बाई फोनवरच्या एका पोरीच्या साध्या प्रश्नाने पांढरीफटक पडली.

आमचं कपडे शिवायचं दुकान आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या. दादा कापतो, वहिनी मशीन चालवते आणि मी हातकाम करते, म्हणजे हुक, काजं, बटणं, तुरपाई. माझा संसार मोडला तेव्हा मी इथे आले ती इथलीच झाले. रडत बसले होते तर वहिनीने हातात सुई दिली आणि म्हणाली, "वन्सं, रडायचं तर रडा, पण तोवर ही बटणं लावून टाका." मला राग आला होता. पण बटणं लावली.

दुकानात मापं घ्यायची एक रीत आहे. दादा टेप लावतो आणि आकडा बोलतो. वहिनी तो मोठ्याने परत बोलते आणि मग लिहिते. तिने परत बोलल्याशिवाय दादा टेप हलवत नाही. गिऱ्हाइकं हसतात, त्यांना वाटतं मंत्र म्हणताहेत नवरा-बायको. पण एवढ्या वर्षांत एक बाही आखूड गेली नाही आमच्याकडून.

आता दादाचं वेड सांगते. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं की हा माणूस हातातलं टाकून रस्त्यात पळतो. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, मान वर. टाचण्या गिळशील एक दिवस, म्हणून मी ओरडून थकले. त्याच्या लेकीला हे लहानपणापासून माहीत. ती दूर नोकरीला आहे. तिने परस्पर हेलिकॉप्टरमध्ये तिघांची जागा काढली: तळ्यावरून, गावावरून एक फेरी, बसायचं, बघायचं आणि परत यायचं. आत्याला का मध्ये ओढलंस, म्हणून मी फोनवर तिला झापलं. ती म्हणाली, "आत्या, तू नसलीस तर बाबांना ओरडणार कोण?"

मग त्या हेलिकॉप्टरवाल्यांच्या कचेरीतून फोन आला. दादाने आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला, कौतुक ना! पलीकडची मुलगी गोड बोलत होती. म्हणाली, तिघांची वजनं सांगा.

दादाने काट्याबिट्याची वाट पाहिली नाही. स्वतःचं सांगितलं. माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझं सांगितलं, तेही भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या देखत! मी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर जागीच वाळला असता. मग मशीनवर बसलेल्या वहिनीकडे नजर टाकून म्हणाला, "आणि हिचं साठ."

"मोजून सांगताय ना?" मुलीने विचारलं.

"मोजायला कशाला हवंय? जन्म गेला माणसं मापण्यात."

"ठीक आहे. तरी त्या दिवशी इथे काट्यावर पुन्हा मोजू हं सगळ्यांना. नियम आहे. कोण कुठे बसणार ते वजनावर ठरतं."

मशीनचा आवाज थांबला. मधल्यामध्ये, शिवण अर्धी असताना. वहिनी शिवण अर्धी टाकत नाही, आग लागली तरी आधी टोक गाठेल. मी वळून बघितलं तर तिचा चेहरा उतरलेला आणि बोटं तशीच कापडावर.

मला वाटलं, उंचीला भ्यायली. मी चार दिवस तिची थट्टा केली. "काय वहिनी, साप परवडला ना?" ती हसायची नाही. जेवताना ताटात चिवडत बसायची. आता वाटतं, ती किती दिवसांपासून नुसती चिवडत होती कोण जाणे.

एके दुपारी हुक लावायच्या ढिगात वहिनीचा स्वतःचा ब्लाउज आला. स्वतःचे कपडे ती माझ्याकडे कधी देत नाही. हा चुकून आला असणार. मी उलटा केला आणि माझी सुई थांबली. कुशीच्या शिवणीच्या आत आणखी एक शिवण, तिच्या आत आणखी एक. आमच्याकडे बायका कपडे सैल करून घ्यायला येतात. म्हणून तर आम्ही आत कापड जास्तीचं सोडतो. आत घ्यायला, म्हणजे घट्ट करून घ्यायला, सहसा कुणी येत नाही, आणि आलीच तर तिला आधी बसायला खुर्ची द्यावी लागते.

मी वर जाऊन तिचं कपाट उघडलं. सगळे कपडे तसेच आत घेतलेले. एकूण एक.

तिला मी ट्रायलच्या खोलीत ओढलं, पडदा लावला. तिथे एक माणूस जेमतेम मावतो. आम्ही दोघी आरशाला चिकटून उभ्या.

"हे काय आहे?"

"हळू बोला."

"कधीपासून चाललंय?"

"थंडी पडायच्या आधीपासून." तिने ब्लाउज माझ्या हातातून काढून घेतला. "भूकच मेलीय हो वन्सं. दोन घास गेले की पोट भरतं. आणि इथे बरगडीखाली काहीतरी धरल्यासारखं होतं."

"आणि तू डॉक्टरकडे जायचं सोडून शिवणी घालत बसलीस? डोकं फिरलंय का तुझं?"

"यांना सांगाल तर माझं मेलेलं तोंड बघाल."

"ते बघायची पाळी येऊ नये म्हणूनच बोलतेय मी, बये!"

बाहेरून दादाने विचारलं, काय गडबड आहे. मी म्हटलं, उंदीर. तो लगेच गप्प झाला.

मग वहिनी कुजबुजत बोलली. तिच्या आईचं असंच झालं होतं. आधी कपडे सैल झाले. मग डॉक्टरकडे नेलं, आणि त्या दिवसानंतर त्या घरात कुणी मोठ्याने हसलं नाही, आई होती तोवरही नाही आणि नंतरही नाही. "एकदा कळलं की संपलं, वन्सं. हे माझ्याकडे तसंच बघायला लागतील. यांनी जन्मभर ज्याची वाट पाहिली, ते एकदा होऊन जाऊ दे. उतरलो की दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर डॉक्टरकडे येते. देवाशपथ."

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे, तुम्ही सांगू नका. मी अट घातली. उतरल्याबरोबर तिने स्वतः दादाला सांगायचं. नाही सांगितलं तर मी सांगणार, तिथल्या तिथे, चारचौघांत. ती हो म्हणाली. आणि लगेच तिच्या डोक्यात पुढचं सुरू झालं: काटा.

तुम्ही म्हणाल, नवऱ्याला दिसत नव्हतं? अहो, तो कपडे बघतो. माणूस आजारी पडला की आधी कपडा सांगतो, खांदा उतरतो, कॉलर मानेपासून सुटते, हे त्याचंच बोलणं. गिऱ्हाइकाला "तब्येत जपा हं" असं तो पाठीकडे बघून सांगतो. आणि वहिनीच्या अंगावर कपडा कधी सुटलाच नाही. ती दर थोड्या दिवसांनी सगळं पुन्हा बेतून घ्यायची. चेहरा ओढलेला दिसला की दादा म्हणायचा, चष्मा बदल, डोळ्यांना ताण पडतोय.

दुसऱ्या दिवशी तिने एक जाड लोकर काढली आणि कोट बेतायला घेतला. वर वारा असतो म्हणाली. दादा खूश. "बघ, भीती गेली हिची! उडायचा कोट शिवतेय!" त्याने स्वतः कापून दिला, तिने सांगितलेल्या जुन्या मापाने. अस्तर मात्र तिने त्याला लावू दिलं नाही.

पडद्यांची कामं आम्ही घेतो. पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या खालच्या घडीत शिशाची वजनं घालतात, चपटी, बटणाएवढी. त्यांचा डबा मागच्या फळीवर असतो. तो डबा हलका होत चालला तेव्हा मला कळलं. ती कोटाच्या घेरात, अस्तराच्या आत, एकेक वजन कापडाच्या छोट्या कप्प्यात शिवून बसवत होती. आवाज होऊ नये म्हणून प्रत्येकाचा कप्पा वेगळा. काम इतकं सफाईचं की मी, जिने तिला थांबवायला हवं होतं ती मी, आधी टाक्यांकडे बघत राहिले. मग मला तिला दोन मुस्काटात द्याव्याशा वाटल्या.

मोजणार कशावर? आमच्या कातरणांच्या पिशव्या न्यायला चिंधीवाला येतो, त्याच्याकडे मोठा काटा असतो. मागच्या बोळात वहिनी कोट घालून त्याच्यावर उभी राहिली. चिंधीवाला म्हणाला, "ताई, हा मालही द्यायचाय का?" वहिनी हसली. किती दिवसांनी हसली! मी तोंड फिरवलं. कोटासकट साठाच्या जवळ गेलं. कोट काढून उभी राहा, असं मी म्हटलं, तर ती झटकन उतरली. तिला तो आकडा बघायचाच नव्हता.

दादाची तयारी तर विचारूच नका. कापायच्या टेबलावर खडूने सगळं गाव काढलं. हे तळं, हा पूल, ही शाळा, हे आपलं छप्पर. पात्यांखालून वाकून जायचं असतं असं कुठेतरी ऐकून हँगरला टांगलेल्या कपड्यांखालून वाकून ये-जा करायचा. पुढे चालवणाऱ्याच्या शेजारी एकच जागा असते, ती मिळाली तर काय, या विचाराने त्याला झोप नव्हती. मला वेगळ्या कारणाने नव्हती. त्याला आनंदाने नाचताना बघितलं की सगळं सांगून टाकावंसं वाटायचं. दोन-तीनदा तोंडाशी आलं होतं. एकदा तर "दादा" म्हणून हाकही मारली. तो खडू हातात धरून वळला, "काय गं?" मी म्हटलं, "पुलाचं टोक चुकलंय."

तो दिवस उजाडला. तळ्याकाठी मोकळं मैदान, एका कडेला पत्र्याची कचेरी, आत पंखा, खुर्च्या आणि भिंतीशी काटा. बाहेर हेलिकॉप्टर उभं होतं, दादाच्या खडूच्या गावापेक्षा जरा मोठं. एवढ्याशा डब्यात बसून वर जायचं? वहिनी मात्र तिकडे बघतही नव्हती. तिची नजर काट्यावर. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, कपाळावर घाम, आणि पायऱ्या चढताना तिने माझा दंड असा धरला की वळ उठला.

फोनवरची मुलगी तीच. आधी दादा काट्यावर चढला, मग मी. माझा आकडा दादाने सांगितला होता तोच निघाला, मेला. मग वहिनी पुढे झाली.

"काकू, कोट काढून ठेवा हं," मुलगी म्हणाली. "पात्यांच्या वाऱ्यात लांब कपडे चालत नाहीत. कोट, ओढण्या, टोप्या, सगळं इथेच राहतं."

वहिनी जागची हलली नाही. "थंडी वाजते मला."

"आत काचा बंद असतात. नाही वाजणार."

"राहू दे ना कोट. जड नाही तो." हे ती का बोलली, देव जाणे.

"काकू, नियम आहे."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे काय उपाय होता? मी मानेनेच 'काढ' म्हटलं. तिने एकेक बटण काढलं. दादा सवयीने पुढे झाला, बाईमाणसाचा कोट हातात घ्यायची त्याला दुकानाची सवय. कोट त्याच्या हातावर आला आणि त्याचा हात खाली गेला. त्याने सावरला, पण कडेच्या टेबलाला घेर लागला आणि खट्ट वाजलं.

दादाने घेर चिमटीत धरला. अंगठा फिरवला. एक वजन, दुसरं, तिसरं. कापडाच्या आत काय आहे हे त्याला डोळे मिटून कळतं. तेवढ्यात वहिनी काट्यावर चढली होती, डोळे घट्ट मिटून.

"एक्कावन्न," मुलगी म्हणाली. "फोनवर तुम्ही बरंच जास्त सांगितलं होतं. बरं झालं, काकू सगळ्यांत हलक्या. पुढची जागा तुमची!"

बिचारीला वाटलं, तिने आनंदाची बातमी दिली.

दादाने बायकोकडे बघितलं. आधी सवयीने ब्लाउजकडे, तो अंगाला चपखल बसलेला. मग पहिल्यांदा मनगटाकडे, मग मानेकडे, मग तोंडाकडे. तिथे बराच वेळ बघत राहिला. "आपण नको जाऊया," तो म्हणाला. "घरी चल. नाही, डॉक्टरकडे चल."

"जायचं," वहिनी म्हणाली. काट्यावरून खाली उतरली आणि एकदम शांत झाली, जणू जे व्हायचं ते होऊन गेलं. "आता तर जायचंच. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन."

आम्ही गेलो. दादा पात्यांखालून वाकायचं विसरला, मी त्याची मान धरून वाकवली. आम्ही दोघं मागे, वहिनी पुढे. कानांवर मोठे गोळे बसवले, त्यातून एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. जमीन सुटली तेव्हा मी डोळे मिटले आणि आठवेल त्या सगळ्या देवांना कामाला लावलं. उघडले ते वहिनीच्या आवाजाने.

"अहो, तळं बघा! अहो, तो पूल! अगदी तुम्ही काढला होता तस्सा!" आवाज कानाच्या आत. चालवणाराही ऐकत होता. "ते बघा, आपलं छप्पर, वर माझी बादली राहिलीय!"

दादाने खाली बघितलं नाही. जन्मभर ज्यासाठी मान मोडली ते काचेपलीकडे सगळं पसरलं होतं आणि हा माणूस समोरच्या पाठीकडे बघत होता. पाठीच्या शिवणीकडे. सरळ, बारीक, एकसारखी शिवण.

"किती वेळा आत घेतलंस?" त्याने विचारलं.

मग तिचा आवाज आला. "चार वेळा."

"इतकं बरोबर बसवत होतीस. मला कळणार कसं गं?"

"कळू नये म्हणूनच तर."

"घाबरली होतीस?"

"हो. अजून घाबरलेलीच आहे. तुम्ही बाहेर बघा ना. नंतर बोलू. असं पुन्हा कधी दिसायचं?"

तेव्हा कुठे दादाने मान वळवली. काय दिसलं असेल त्याला कुणास ठाऊक, चष्मा सगळा ओला होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही.

उतरल्यावर वहिनी कचेरीबाहेरच्या बाकावर बसली. दादा आतून कोट घेऊन आला. खिशातली छोटी कात्री काढली आणि उभ्याउभ्या अस्तर उसवायला घेतलं. एकेक वजन काढून माझ्या हातात देत होता. माझी ओंजळ भरली तशी मी ती बाकावर ओतली. मग त्याने कोट तिच्या खांद्यांवर टाकला. खांदे खाली ओघळले, घेर लोंबत राहिला.

"डॉक्टरकडे घालून जायला नीट हवा," तो म्हणाला. "वजनही करतील तिथे. खरं करायचं."

"उद्या जाऊ."

"आत्ता. उभी राहा."

गळ्यातला टेप त्याने काढला. तो उडायला जातानाही गळ्यातच होता. हेलिकॉप्टरची वाट बघणारी माणसं आमच्याकडे बघत होती, बघू देत. एवढ्या वर्षांत त्याने तिचं माप कधी घेतलं नव्हतं. तिचे कपडे तीच बेतायची. त्याने टेप छातीभोवती घेतला, दोन्ही टोकं जुळवली आणि आकडा बोलला.

ती गप्प. दादाने टेप हलवला नाही. तिने परत बोलल्याशिवाय तो हलवतच नाही.

शेवटी वहिनी तो आकडा मोठ्याने परत बोलली. मग त्याने टेप कमरेवर घेतला.